आता म्हणजे कधीपासून

पनवेल,
रविवार, १२ फेब्रुवारी २०१२

प्रिय सुनंदाताई,

सप्रेम नमस्कार.

तुमचा पत्ता आपल्या ऑफिसातल्या कुंदनकडून मिळाला. मागच्या महिन्यात तो स्वतःच्या लग्नाची बोलणी करायला महाडला आला होता, तेव्हा तुम्ही त्याला बाजारात भेटलात असं म्हणाला. तुमचा जुना मोबाइल बंद आहे, ई-मेलला उत्तर येत नाही, म्हणून कागद घेतला. शाळा सुटल्यानंतर हातानं एवढं लांब लिहिण्याची ही पहिलीच वेळ. अक्षर लागलं नाही तर सांभाळून घ्या.

तुम्ही कशा आहात? आईंची तब्येत कशी आहे? अजून त्या तुम्हाला ओळखतात का? कुंदन सांगत होता की तुम्ही दहावीच्या मुलांच्या गणिताच्या शिकवण्या घेता आणि कॉम्प्युटरला हातसुद्धा लावत नाही. गणिताचं पटलं. दुसरं पटलं नाही.

इकडची खबर म्हणजे ऑफिस हललं. मिरचीच्या गिरणीवरची ती जागा सोडली, आता आपण एसटी स्टँडसमोर दुसऱ्या मजल्यावर आहोत. ठसका लागत नाही. पण दिवसभर गाड्यांच्या सूचना ऐकू येतात आणि पेण-अलिबागच्या वेळा मला पाठ झाल्यात. आमच्या बाबांनी होडी विकली. आम्ही करंज्याहून पनवेलला भाड्याच्या घरात आलो, आणि बाबा द्रोणागिरीच्या एका गोदामावर राखण करतात. माझ्या लग्नाचं घरात बोलणं चालू असतं, मी ऐकत नाही.

लिहिण्याचं कारण वेगळं आहे. यार्डातल्या त्या अपघाताची चौकशी पुन्हा उघडली आहे. नवीन अधिकारी आलेत. सॉफ्टवेअरमध्ये नेमकं काय झालं ते आपल्या ऑफिसनं लेखी द्यावं, असं त्यांनी कळवलं आहे. शैलेश सरांनी ते टिपण मला लिहायला सांगितलं. खाली सही माझीच असेल, कारण तुमच्या जागेवर आता मी बसते.

अधिकारी आपल्या क्षेत्रातले नाहीत, तेव्हा सोपं लिहायला हवं. इथे लिहून बघते, चुकत असेल तर कळवा.

'आमचं वेब ॲप्लिकेशन सगळ्या कंटेनर यार्डांना एकच असतं, पण प्रत्येक यार्डाचे नियम वेगळे. दर वेळी मुख्य प्रोग्रामला हात लावायला नको, म्हणून हे नियम आम्ही एका कॉन्फिगरेशन फाइलमध्ये लिहितो. त्यातल्या साध्या ओळी ॲप्लिकेशनला स्वतःला कळतात. एखाद्या यार्डाचा नियम त्याला माहीत नसलेल्या प्रकारचा असेल, तर ती ओळ वाचून तिचा अर्थ लावणारा एक क्लास, म्हणजे प्रोग्रामचा छोटा तुकडा, आम्ही वेगळा लिहितो आणि त्या क्लासचं नाव फाइलमध्येच देतो. ॲप्लिकेशन सुरू होताना फाइल वाचतं, ते नाव दिसलं की त्या क्लासला बोलावतं आणि तो जे सांगेल ते नियम म्हणून धरतं.

'कीड मारायला विषारी गॅस सोडलेला कंटेनर आला, तर दारं उघडून तो काही काळ तसाच ठेवावा लागतो. तेवढा वेळ होईपर्यंत माल उतरवण्याची चिठ्ठी छापायची नाही, हे काम ॲप्लिकेशनचं. आमच्या प्रोग्रामला हा वेळ दिवसांत कळायचा. द्रोणागिरीच्या यार्डाला तो तासांत हवा होता, म्हणून त्यासाठी नवीन क्लास लिहिला गेला.'

इथपर्यंत ठीक आहे ना? 'लिहिला गेला' असं सरांनी करायला लावलं. मी आधी 'मी लिहिला' असं म्हटलं होतं.

पुढचा भाग त्यांना असा हवा आहे की फाइल भरताना चोवीस आणि तासांसाठीचा h यांच्यामध्ये एक मोकळी जागा पडली, त्यामुळे आकडा वाचला गेला नाही. त्या दिवशी तुम्ही भरलेल्या फाइलची प्रत तुमच्याकडे असेल तर पाठवाल का? यार्डातल्या मशीनवरची त्यांनी पुसून टाकली आहे.

ताई, चूक तुमची एकटीची होती असं मला कधीच वाटलं नाही. आत माणसं सोडण्याआधी यार्डानं मीटरनं गॅस मोजायला हवा होता. हे मी टिपणात लिहिणार आहे.

बाकी तोच क्लास आपण गव्हाणजवळच्या एका नव्या यार्डात गेल्या महिन्यात बसवला. तिथल्या माणसानं पहिल्याच दिवशी तास चुकीचे टाकले. ॲप्लिकेशन सुरूच झालं नाही. मग फाइल नीट केली. तेव्हा त्याची काळजी नाही, आता तो थांबतो.

आईंना नमस्कार सांगा. घरचा पत्ता पाकिटावर आहे.

तुमची,
किशोरी


पनवेल,
रविवार, ४ मार्च २०१२

सुनंदाताई,

नमस्कार.

तुमचं पोस्टकार्ड बुधवारी आलं. बाबांनी पोस्टमनकडून घेतलं, त्यामुळे त्यांनी आधी वाचलं. मी घरी आले तर म्हणाले, "ह्या बाईंनी एकच वळ लिवलीय. कोडं हाय का ह्ये?"

'आता तो थांबतो, असं लिहिलंस. आता म्हणजे कधीपासून? तारीख कळव.'

पत्र पेटीत टाकायच्या आधी मी दोनदा वाचलं होतं. तो शब्द मला दिसला नव्हता. माझा कोड तपासताना तुम्ही अशाच एखाद्या ओळीवर बोट ठेवायचा, आणि नेमकी तीच ओळ मी घाईत लिहिलेली असायची.

तारीख सांगते. पण आधीचं आधी.

तुम्ही माझा क्लास तपासलात तो दिवस २० ऑक्टोबर २०१०. तुम्ही फाइलमध्ये मुद्दाम वाट्टेल ते टाकून बघितलं. अक्षरं टाकली, उणे आकडा टाकला, जागा टाकली. प्रत्येक वेळी ॲप्लिकेशन सुरू व्हायचं नाकारत होतं आणि कोणती ओळ चुकली ते सांगत होतं. तुम्ही म्हणालात, "छान. ज्याला कळत नाही त्यानं गप्प बसून पुढे जाऊ नये." आणि वहीत त्याच्यापुढे बरोबरची खूण केलीत.

पुढच्या बुधवारी, २७ तारखेला, यार्डाचे लोक डेमो बघायला येणार होते. तुम्ही महाडला होता. आईंना देवळातून घरी येताना रस्ता सापडला नव्हता, म्हणून सकाळीच गेला होता. डेमोच्या वेळी ॲप्लिकेशन सुरू होईना. कुंदननं फाइलमध्ये चाचणीसाठी टाकलेली एक अर्धवट ओळ राहिली होती. ती कुठे आहे ते शोधायला मला दहा मिनिटं लागली असती. शैलेश सर माझ्या खुर्चीमागे उभे होते. म्हणाले, "किशोरी, पाहुणे जिन्यात आहेत. काहीही होवो, हे सुरू झालं पाहिजे."

मी क्लासमधल्या तीन ओळी बदलल्या. आकडा कळला नाही तर शून्य धर आणि पुढे चल, असं केलं. ॲप्लिकेशन सुरू झालं. डेमो चांगला झाला, काम आपल्याला मिळालं, सरांनी सगळ्यांना पेढे दिले. तुमच्या वाटणीचे दोन मी तुमच्या टेबलावर ठेवले होते.

दुसऱ्या दिवशी पूर्ववत करायचं असं मी ठरवलं होतं. दुसऱ्या दिवशी वेगळं काम आलं. मग दिवाळी आली. तुम्ही परत आलात तेव्हा सांगायचं राहिलं, आणि नंतर मी ते विसरून गेले. हे खरं आहे. अपघाताच्या दिवसापर्यंतचं सगळं विसरण्यात बसतं.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही द्रोणागिरीला जाऊन फाइल भरलीत. जागा पडली. ॲप्लिकेशन काही न बोलता सुरू झालं. तुम्ही निश्चिंत झालात, कारण चूक असेल तर थांबणारा क्लास तुम्ही स्वतः तपासला होता. आतला क्लास तो राहिला नव्हता.

१८ नोव्हेंबरला सकाळी दहा चाळीसला लाकडाचा कंटेनर उघडला. दहा बावन्नला चिठ्ठी छापली गेली. चोवीस तासांऐवजी बारा मिनिटं, आणि तीसुद्धा ऑपरेटर चहाला गेला होता म्हणून. मुकादमाच्या हातात चिठ्ठी होती. त्यानं दोघांना आत पाठवलं, चांगो आणि त्याचा धाकटा भाऊ सुभाष. सुभाष तिसऱ्या दिवशी गेला. सव्वीस वर्षांचा होता.

आता तारीख. शुक्रवार, १९ नोव्हेंबर २०१०, संध्याकाळी पाच पस्तीस. त्या दिवशी यार्डातून फोन आल्यावर मी कोड उघडला, त्या तीन ओळी बघितल्या आणि होत्या तशा केल्या. बदलाच्या नोंदीत 'किरकोळ दुरुस्ती' असं लिहिलं. तेव्हा सुभाष जिवंत होता.

तुम्ही तारखेपुरतंच विचारलं आहे. पण सोमवारचं मला लिहायला हवं.

त्या सोमवारी सरांच्या केबिनमध्ये आपण तिघं होतो. तुम्ही यार्डातली फाइल समोर ठेवली होती, ती जागा तुमची तुम्हीच शोधून काढली होती. तुम्ही मला विचारलंत, "पण मग हे सुरू कसं झालं, किशोरी? तुझा क्लास तर थांबतो ना?"

मी म्हणाले, "नाही ताई, जागा पडली तर तो शून्य धरतो. मी तुम्हाला सांगितलं होतं."

"कधी?"

"दिवाळीच्या आधी. डबा खाताना. तुम्ही घरच्या फोनवर होता."

असं काही झालं नव्हतं. डब्याचं आणि फोनचं मी तिथल्या तिथे जोडलं, कारण 'कधी' असं तुम्ही विचाराल हे मला माहीत नव्हतं. तुम्ही माझ्याकडे बघत राहिलात. मग म्हणालात, "सांगितलं असशील. माझ्या डोक्यातून गेलं असेल."

बदलांच्या जुन्या नोंदी उघडल्या असत्या तर दोन मिनिटांत सगळं दिसलं असतं. तुम्ही उघडल्या नाहीत. आठवडाभरात राजीनामा दिलात आणि चूक माझी, असं लिहून दिलंत.

सरांना माहीत होतं का, मला माहीत नाही. त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

टिपण अजून लिहिलेलं नाही. खाली काय लिहावं कळत नाही, म्हणून नुसतं नाव लिहिते.

किशोरी


पनवेल,
रविवार, २२ एप्रिल २०१२

सुनंदाताई,

नमस्कार.

उत्तर आलं नाही. ते येईल असं मी धरलं नव्हतं. तुम्हाला कळायला हवं तेवढंच लिहिते.

टिपण पुन्हा लिहिलं आणि सरांना दाखवलं. मागच्या पत्रात लिहिलं ते सगळं त्यात होतं, केबिनमधलं सोडून. त्यांनी उभ्यानंच वाचलं.

"हे तुला कोणी विचारलंय? जागा कोणी टाकली, एवढाच प्रश्न आहे."

"सर, जागा पडली तरी ते थांबायला हवं होतं. पहिल्यांदा थांबत होतं."

"म्हणजे हे मी करायला लावलं, असं लिहितेस तू."

"तुम्ही सुरू करा म्हणालात, तेवढं लिहिलंय. कसं, ते माझं मी केलं."

त्यांनी दार लावून घेतलं आणि आवाज खाली आणला. या ऑफिसवर चौदा घरं चालतात, असं म्हणाले. खरं आहे ते. कुंदनचं लग्न महिन्यावर आहे, असंही म्हणाले. मग म्हणाले, "सुनंदानं सगळं स्वतःवर घेतलेलं आहे. ती काही बोललीये का? मग तू कशाला?"

मी कागद परत घेतला. २७ मार्चला बदलांच्या नोंदींची छापील प्रत जोडून अधिकाऱ्यांकडे दिला. त्यांच्या कारकुनानं पोच दिली आणि विचारलं, "पक्कं ना, मॅडम? एकदा शिक्का पडला की परत मिळत नाही." मी हो म्हटलं.

दोन तारखेपासून मी ऑफिसात जात नाही. जाऊ नको असं कोणी म्हटलं नाही. माझा लॉगिन चालत नव्हता, तेवढंच.

बाबांना सांगितलं. ते जेवत होते. द्रोणागिरीत त्या अपघाताबद्दल सगळ्यांना माहीत आहे, त्यांच्या गोदामापासून ते यार्ड दिसतं. मी जसं घडलं तसं सांगितलं. त्यांनी हात धुतला आणि विचारलं, "त्या बाईंनी तुला काम शिकवलं ना?"

"हो."

"आन् तू त्यांनाच खोटं पाडलंस."

तीन दिवस बोलले नाहीत. चौथ्या दिवशी कामावर जाताना दारातून म्हणाले, "सुनावणीला मी येऊ का?" मी नको म्हटलं.

सुनावणी गुरुवारी, ७ जूनला, सकाळी अकराला आहे. तुम्हालाही बोलावणं येईल. माझ्याकडून पत्ता मागितला, मी दिला. न विचारता दिला, त्याबद्दल रागावू नका. रागावलात तरी चालेल.

किशोरी


पनवेल,
रविवार, १७ जून २०१२

सुनंदाताई,

यापुढे पत्र लिहू नकोस असं तुम्ही मला सांगितलंत. तरी लिहिते आहे. कारण शेवटी सांगते. ते वाचेपर्यंत हे फाडू नका.

त्या दिवशी तुम्ही याल याची मला खात्री नव्हती. बाकावर बसलेल्या दिसलात तेव्हा मी आधी ओळखलंच नाही. केस पुष्कळ पांढरे झालेत तुमचे. अधिकाऱ्यांनी माझं निवेदन वाचून दाखवलं आणि तुम्हाला विचारलं, यात जे लिहिलं आहे त्यावरून तुमच्यावरचा ठपका काढावा लागेल, तुम्हाला काही म्हणायचं आहे का? तुम्ही उभ्या राहिलात.

"जागा माझ्या हातून पडली. ते तसंच राहू द्या. ॲप्लिकेशन सुरू झालं म्हणून मी फाइल पुन्हा उघडली नाही. उघडायला हवी होती. तेही लिहून घ्या."

शैलेश सर खाली बघत होते. यार्डाचे वकील काहीतरी पुटपुटले. अधिकाऱ्यांनी लिहून घेतलं.

बाहेर नळापाशी तुम्ही मला थांबवलंत. मी काही बोलणार होते, तेवढ्यात तुम्हीच विचारलंत, "डब्याच्या वेळचं ते निवेदनात का नाही?"

"त्याचा अपघाताशी संबंध नव्हता, म्हणून..."

"माझ्याशी होता."

मग तुम्ही जे सांगितलंत ते मी इथे पुन्हा लिहिते. मला ते कुठेतरी लिहून ठेवायचं आहे, आणि दुसरी जागा नाही. "आईला विसरण्याचा आजार, तिच्या आईलाही होता. तू सांगितलंस असं म्हणालीस आणि मला काही आठवेना. मला वाटलं, मलाही सुरू झालं. मी एकेचाळीस वर्षांची होते. दीड वर्ष रोज सकाळी उठून मी कालचं जेवण आठवून बघते. मुंबईला डॉक्टरकडे गेले, त्यांनी काही नाही म्हणून सांगितलं, तर मला वाटलं त्यांना अजून दिसत नसेल. ज्या कामात विसरून चालत नाही ते काम मी सोडलं."

हे सांगताना तुमचा आवाज चढला नाही. तुम्ही रुमाल ओला करून चष्मा पुसलात आणि म्हणालात, "आता पत्र लिहू नकोस मला. माझं मला कळलं, ते पुरे. ज्यांना सांगायला हवं त्यांना वाचता येत नाही. त्यांच्याकडे जा." आणि महाडच्या गाडीची वेळ झाली म्हणून निघालात.

म्हणून मी रविवारी, दहा तारखेला, सुभाषच्या घरी गेले. आधी जाता आलं नसतं, कारण ती माणसं मेअखेरपर्यंत वीटभट्टीवर असतात. पेणच्या गाडीनं कर्नाळ्याच्या अलीकडे उतरले आणि तिथून आत चालत गेले. वीस-पंचवीस घरांची कातकऱ्यांची वाडी आहे. पोरांनी घर दाखवलं.

सुभाषची आई, भागीबाई, ओट्यावर शेवळाच्या रानभाजीच्या जुड्या बांधत होत्या. सोमवारी पनवेलच्या बाजारात न्यायच्या होत्या. चांगो भिंतीला टेकून बसला होता. त्याचे हात मांडीवरसुद्धा स्थिर राहत नाहीत. चालताना पाय ओढतो. विटांचा साचा धरता येत नाही, म्हणून भट्टीवर त्याला कोणी घेत नाही. तो आईबरोबर जातो आणि तिथे बसून राहतो.

मी कोण ते सांगितलं. नियमांची फाइल, क्लास, हे त्यांना कसं सांगायचं याची मी गाडीत तयारी केली होती. तिथे ती उपयोगी पडली नाही. मी म्हणाले, औषध मारलेला डबा उघडला की एक दिवस आत जायचं नाही, हे आमच्या मशीनला माहीत होतं. आकडा लिहिताना थोडं चुकलं, आणि चुकलं तर थांबायचं ही जी सोय होती ती मी काढून टाकली होती. म्हणून मशीननं लगेच चिठ्ठी दिली.

चांगोनं विचारलं, "का काढली?" शब्द त्याच्या तोंडून ओढत येतात.

"पाहुणे येणार होते. घाई होती."

भागीबाईंचे हात चालूच होते.

"मंग ती दुसरी बाय? चश्मावाली, मोठी? तिनं केलान् बोलत व्हते समदे."

"त्यांच्याकडून थोडं चुकलं होतं. पण माझी सोय जागेवर असती तर ते लगेच कळलं असतं, आणि काही झालं नसतं. त्यांना मी खोटं सांगितलं. त्यांना वाटलं सगळं त्यांच्यामुळेच झालं."

तेव्हा त्यांनी जुडी खाली ठेवली. मला माहीत नसलेली गोष्ट मला सांगितली. तुम्ही राजीनामा देऊन निघालात त्या दिवशी भागीबाई ऑफिसच्या जिन्याखाली उभ्या होत्या. यार्डात कोणीतरी तुमचं नाव सांगितलं होतं. त्या तुम्हाला जे बोलल्या ते त्यांनी मला शब्द न शब्द ऐकवलं. मी ते लिहीत नाही, तुम्हाला माहीत आहे. तुम्ही खालच्या पायरीवर ऐकत उभ्या राहिलात आणि शेवटी हात जोडलेत, असं त्या म्हणाल्या. ऑफिसात यातलं आम्हाला कोणाला काही कळलं नव्हतं. तुम्ही सांगितलं नाहीत.

"तिला पोर हाय का?" भागीबाईंनी विचारलं.

"नाही. लग्न केलं नाही त्यांनी."

"आय?"

"आई आहे. आजारी असते. सगळं विसरत चालली आहे."

त्यांनी जुडी पुन्हा हातात घेतली. मग मला म्हणाल्या, "बसलीस तर हात चालव. सांजपर्यंत ह्ये सपायला पायजे." मी बसले. दहा-दहा शेवळं आणि वर पळसाचं पान, असं त्यांनी एकदा दाखवलं. माझ्या पहिल्या दोन जुड्या त्यांनी सोडून पुन्हा बांधल्या. तिसरीपासून तशाच टोपलीत टाकल्या. चांगोनं मला पाणी दिलं. अर्धं सांडलं, मी अर्धं प्यायले.

परवा निकाल लागला. तुमच्याकडे कागद येईलच. यार्ड आणि आपलं ऑफिस, दोघांना जबाबदार धरलं आहे. चांगोचा औषधोपचार त्यांनी करायचा आहे, आणि त्या घराला भरपाईही. माझं नाव आहे, तुमचंही आहे, तुम्ही सांगितलं तेवढ्याच वाक्यापुरतं. ऑफिस चालू राहील असं कुंदन म्हणतो. मी स्टँडजवळच्या एका ट्रान्सपोर्टवाल्याकडे पावत्या भरायचं काम करते आहे. पुढचं पुढे.

आता कारण.

टोपली भरल्यावर मी निघाले, तेव्हा भागीबाई माझ्याबरोबर वाडीच्या टोकापर्यंत आल्या. म्हणाल्या, "त्या बायला लिव. तिला वाचता येतंय ना? लिव का भागीनं जिन्याखाली बोललेलं समदं मागं घेतलं. एकूनएक. तिच्या आयशीला बरं वाटूं दे."

मी विचारलं, "आणि मला? मला काही बोलायचं नाही?"

"तुला काय बोलू," त्या म्हणाल्या. "माजं बोलून झालं ना. जिला बोलाचं व्हतं ती तू, आन् तू नव्हती तवा तिथं." आणि परत फिरल्या.

तुमचं म्हणणं मोडून लिहिलं ते एवढ्यासाठी. निरोप माझा नाही, त्यांचा आहे. जसा दिला तसाच पोचवते, माझं त्यात काही जोडलेलं नाही.

भागीबाईंच्या सांगण्यावरून,
किशोरी